गुंडाळलेली गादी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण आता ते गिळून बसणं जमेना.

लातुरात क्लासच्या गल्लीमागे माझं मुलींचं वसतिगृह आहे. बारा खाटा. खाट रिकामी असली की गादी गुंडाळून उशाशी ठेवायची — आमची पद्धत. पालक दारातूनच बघतात. गुंडाळलेली गादी दिसली की जागा आहे. आता तशी गादी दिसली की मी नजर फिरवते.

भूकंपात आमचं गाव गेलं. मग पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं. शेजारी शिलाईकाम करणारी रजिया, मधे एकच पत्रा. माझ्या पोराचं दूध तिच्या चुलीवर तापायचं. तिची शबाना त्या शेडमध्येच जन्मली — सुईण उशिरा पोचली, पोर आधी माझ्या हातात आली. हे का सांगतेय? पुढचं टाळतेय म्हणून.

सोळा वर्षांनी रजिया एसटीनं निलंग्याहून आली, शबानाला घेऊन. पोरीला दहावीला उत्तम मार्क होते, डॉक्टर व्हायचं होतं. जागा आहे का, असं रजियानं विचारलंच नाही. सरळ ट्रंक घेऊन आली होती. माझ्याकडे यायला विचारायचं काय?

मी दारातच म्हणाले, "रजिया, जागा भरली गं. फोन तरी करायचास."

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. खिडकीजवळची गादी गुंडाळलेली होती. मीही वळून पाहिलं — का पाहिलं?

"हाव ताई," ती म्हणाली. "लई गर्दी हाय यंदा." मग पोरीला, "चल, ट्रंक उचल."

माझं खोटं तिनं झाकून घेतलं.

इतर वसतिगृहांतही नाव ऐकून जागा भरत गेल्या. शबाना निलंग्याहून रोज ये-जा करू लागली. दिवाळीपर्यंत टिकली, मग क्लास सुटला. आज ती आईच्याच मशीनवर बसते.

बाकीचे पालक मुली काढून नेतील, असं मी मनाला बजावत आले. कुणी तसं म्हणालं होतं? नाही. मी विचारलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्हा वसतिगृहवाल्यांची बैठक झाली. धर्म किंवा जात बघून खाजगी धंदेवाल्यानं कुणाला नाकारू नये, असा कायदा करा, अशी मागणी सुरू आहे. तिच्याविरुद्ध निवेदन द्यायचं होतं. घर आपलं, धंदा आपला, सरकार कोण सांगणार — सगळ्यांचं हेच. मी मनात म्हटलं, तेव्हा असा कायदा असता तर? मला खोटं बोलायचा धीर झाला नसता. शबाना खिडकीजवळ झोपली असती. एवढं सगळं कळत होतं — आणि कुणीतरी विचारलं, ताई, तुमचा अनुभव काय?

मी उभी राहिले. म्हणाले, "कायद्याची गरज नाही. माझ्या दारातून एकही मुलगी अशी परत गेलेली नाही."

निवेदनावर पहिली सही माझी आहे.