बाबांची पानथरी

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात मी निवासी डॉक्टर होतो. मोठे सर सकाळी वॉर्डातून वाऱ्यासारखे फिरून जात. विद्यार्थ्यांना रोगी तपासायला शिकवणं मात्र आमच्या गळ्यात. बाबांना हे पटत नसे. "एवढा शिकला अन् आता पोरायले शिकवून राह्यला? डाक्टर झाला का मास्तर?"

एका हिवाळ्यात सरांनी मला काही विद्यार्थी देऊन हिवतापाच्या पाहणीला आसेगावला धाडलं. गाव माझंच, तेव्हा लोक खुशाल पोट दाखवतील असा त्यांचा होरा. शाळेच्या ओसरीत आम्ही खाट टाकून बसलो, पण कुणी फिरकेना. "घरच्या पोराले काय दाखवाचं?" असं लोकांचं म्हणणं.

रिकाम्या खाटेपुढे मी शिकवत राहिलो. बोटं डाव्या बरगडीखाली ठेवायची, रोग्याला श्वास घ्यायला सांगायचं. हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली असेल तर आपण होऊन बोटाला भिडते. बाबा खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी त्यांना माझी कीव आली असावी. सदरा काढून ते खाटेवर आडवे झाले.

मी पुढे सरकलो.

"तू नोको. त्या चष्मेवाल्याले पाहू दे."

चष्मेवाला म्हणजे माझ्या सगळ्यात जास्त शिव्या खाणारा विद्यार्थी. त्यानं हात ठेवला. "सर, लागतेय."

"नीट बघ," मी खेकसलो.

"लागतेय, सर."

मी हात लावला. बरगडीखाली चांगली टणक कड होती. बाकीच्यांनीही पाळीपाळीनं पाहिली. असा रोगी वर्षानुवर्षं ताप अंगावर काढतो, त्याच्या पापण्या फिकट दिसतात, असं मी समजावू लागलो आणि मधेच बाबांची पापणी ओढून पाहिली. फिकटच होती.

"बाबा, मले सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कुठं?"

चष्मेवाल्यानं बोटानं रोग धरला, ही बातमी गावभर झाली. ओसरीपुढे रांग लागली, सगळी त्याच्याचपुढे. मी गोळ्या वाटत बसलो. बाबांनी आपल्या गोळ्याही त्याच्याच हातून घेतल्या.

बाबांचा ताप गेला. उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा त्यांनी मला पोट तपासू दिलं, पण आधी दार लावून घेतलं. कुणी पाहिलं अन् त्या चष्मेवाल्याच्या कानावर गेलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणाले.