‘नाही’ म्हणायचा वार

तोलारामशेठच्या कारखान्यात ‘नाही’ हा शब्द फक्त शनिवारी उच्चारता येई.

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका जुन्या लष्करी बराकीत त्यांचं पत्राकाम चाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेले शेठ तिकडे शाळामास्तर होते. मी अंबरनाथचा, त्यांच्याकडे फिटर. सोमवारी सकाळी ते एखादी वस्तू बाकावर ठेवत आणि आम्हा सहाजणांना चार सवाल घालत. ही लहान केली तर? उलटी केली तर? दुसऱ्या कशाला जोडली तर? हिच्यातलं काय काढून टाकता येईल? प्रत्येकानं काहीतरी बोलायचंच. कोणी नुसती मान हलवली तरी शेठ बोट उगारत. “अभी ‘ना’ नहीं, मिस्त्री! कल्पना म्हणजे तान्हं पोर. पहिल्याच दिवशी त्याच्यात कोणी खोट काढतं का?”

शनिवारी मात्र त्याच कल्पनांची चिरफाड. तेव्हा शेठ मुद्दाम गप्प बसत. लष्कराच्या भंगार डब्यांतून आमचा कंदील निघाला, घडीची शेगडी निघाली, ते या रीतीनंच. मला त्या माणसाचं फार अप्रूप होतं.

एका वर्षी महाशिवरात्र तोंडावर आली. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत विकायला स्वस्तातला स्टोव्ह हवा होता. सोमवारी चौथ्या सवालाला, बोलायचंच म्हणून, मी म्हणालो, “हवा सोडायचा स्क्रू काढा. विझवताना टाकीचं झाकण सैल करतील.” बर्नर तापलेला असताना झाकण सैल केलं तर रॉकेलची वाफ पेट घेईल, हे मला कळत होतं. शनिवारी मीच ते सांगणार होतो.

गुरुवारी शेठ खुशीत आले. “आज आपल्याच रीतीला चौथा सवाल घातला. शनिवार काढून टाकला! बिनस्क्रूचा माल बनाओ.”

मी तोंड उघडलं. त्यांचं बोट वर गेलं. मी पत्रा कापायला घेतला.

जत्रेत चाळीसच्या चाळीस स्टोव्ह खपले. एकेचाळिसावा शेठनी घरी नेला होता. जत्रेनंतर चौथ्या दिवशी दूध तापवून झाल्यावर शेठच्या पत्नीनं, आमच्या भाभींनी, त्याचं झाकण सैल केलं. त्या दोन दिवस जगल्या.

बारावं उरकून शेठ अंबरनाथला माझ्या दारात आले आणि पायरीवरच बसले.

“मिस्त्री, शनिवारी तू काय बोलणार होतास?”

मी सांगितलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

“कल्पना तुझी. ‘ना’ पण तुझीच,” ते म्हणाले. “आणि बोट माझं.” मग उठले. “चल.”

विकलेले स्टोव्ह परत मागत आम्ही शहाडपासून बदलापूरपल्याडच्या पाड्यांपर्यंत दारोदार हिंडलो. एका म्हातारीनं स्टोव्ह पोटाशी धरला. “आमचा तर बेस चाललाय, कशाला नेता?” शेठ तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले, ती देईपर्यंत.

सदतीस मिळाले. तीन स्टोव्हचा पत्ता लागला नाही. पुढे दर शिवरात्रीला शेठ मंदिराच्या वाटेवर उभे राहून येणाऱ्या बायकांना त्या तीन स्टोव्हबद्दल विचारीत. ते गेल्यापासून मी उभा राहतो.