सोळा बाय बारा

बॉयलरच्या पोटात शिरायला एकच वाट असते. लंबगोल भोक, सोळा इंच लांब, बारा इंच रुंद. वर्षातून एकदा बॉयलर थंड करायचा, झाकण काढायचं आणि आत शिरून भिंतींवरचे क्षार खरवडायचे. बावीस वर्षं हे काम काट्याकडे होतं. दाबाच्या काट्यावरून त्याची नजर हलत नसे, म्हणून हे नाव. अंगकाठीवरून म्हणावं असे दिवस कधीच सरले होते.

गेल्या खेपेला तो भोकात अडकला. डोकं आत, पाय बाहेर, मधे पोट. साबणाचं पाणी ओतून तिघांनी ओढला, तेव्हा निघाला.

"यंदा तू स्टोअरला बस," फोरमन म्हणाला. "हातमोजे वाट."

"आणि आत कोण?"

"कंत्राटदाराची माणसं."

काट्याच्या जिव्हारी लागलं. ती माणसं दिसेल तेवढं खरवडतात आणि कोपरे सोडतात. कोपऱ्यातल्या क्षारानं बॉयलर आतून कुजतो.

"मी मावलो तर?"

"मावलास तर जा बाबा. अडकलास तर मुकाट्यानं हातमोजे."

चार महिने उरले होते. काट्यानं भोकाच्या मापाची पत्र्याची कडी कापली आणि घरी दारात दोरीनं टांगली.

"अहो, हे काय?" बायकोनं विचारलं.

"परीक्षा."

बायको त्यातून सरळ आरपार गेली. केसातली पिनसुद्धा हलली नाही. "मी पास," ती म्हणाली. "आता तुम्ही बसा अभ्यासाला."

काट्यानं व्यायामशाळा धरली. तिथं शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची. तिला काय विचारायचं? बॉयलरचा नियम त्याला पाठ होता : आधी आच, मग वाफ, मग भार. थंड बॉयलरवर भार टाकतो तो गाढव. म्हणून तो आधी चाळीस मिनिटं फिरत्या पट्ट्यावर पळायचा आणि मग वजनांकडे वळायचा. तोवर हातापायांचं पाणी झालेलं असे. नुसती रिकामी दांडी वर जायची, तीही थरथरत. घरी येऊन "आज लई पळालो" म्हणत तो दुप्पट जेवायचा.

सहा आठवडे असे गेले. कडी जिथं अडायची तिथंच अडत होती.

शेवटी मुलीला राहवेना. "काका, रोज रिकामी दांडी हलवून कुणाला निरोप देता?"

काट्यानं तिला बॉयलरचा नियम ऐकवला. तिनं नीट ऐकून घेतला.

"मग आच किती वेळ लागते, काका? पाच मिनिटं पळा, ती झाली आच. चाळीस मिनिटं पळता, म्हणजे सगळी वाफ शिट्टीतून सोडून देता. पुढचा भार कशावर ओढणार?"

काट्यानं दांडी खाली ठेवली. बावीस वर्षं बॉयलर त्यानं सांभाळला आणि समजावला या पोरीनं.

"आधी वजनं," ती म्हणाली, "मग उरेल तेवढ्यात पळा. मधल्या दिवशी नुसतं झपझप चाला."

"आणि हे पोट?"

"ते ताटात कमी होतं. पळणं हातभार लावतं, इतकंच."

बायकोला हे फार पटलं. "तिला एकदा जेवायला बोलवा."

"ती कमी जेवा म्हणाली."

"तुम्हाला! तिला कुठं बंदी आहे?"

त्या दिवसापासून भाताचा डाव बायकोच्या ताब्यात गेला. काटा वजनं उचलू लागला, आणि दांडी आता रिकामी नसे. उरलेल्या दमात पळायचा, एक दिवसाआड चालायचा, ताटावरून अर्धपोटी उठायचा. पंधराव्या आठवड्यात कडी पोटावरून खाली उतरली. बायकोनं टाळी वाजवली.

बॉयलर थंड झाला, झाकण निघालं. फोरमन हातमोज्यांचा गठ्ठा काखेत मारूनच आला होता. काट्यानं डोकं आत घातलं आणि मधेच थांबला.

"पोट का?" फोरमननं विचारलं.

"पोट अजून बाहेरच आहे," आतून आवाज आला. "खांदे."

वजनांनी खांदे भरले होते. घरची कडी दोरीवर होती, त्याच्याबरोबर तिरकी व्हायची. बॉयलर कशाला तिरका होतोय?

"अडकलास! साबण आणा रे!"

"अडकलो नाही. माप घेतोय."

काटा आपला आपण मागे सरकला. कुणाला ओढावं लागलं नाही. एक हात पुढे ताणला, दुसरा मांडीला चिकटवला, खांदे तिरपे केले, छातीतला सगळा श्वास सोडला आणि रेटा दिला. खांदे गेले. पोट तर न घासता गेलं. शेवटी बूट दिसेनासे झाले.

फोरमन भोकात वाकून बघत राहिला. थोड्या वेळानं आतून एक हात बाहेर आला, पंजा उघडा.

"हातमोजे वाट की," काटा म्हणाला. "दोन जोड दे. कोपरे बरेच आहेत."