हेर्लेकर बाईंनी कापलेलं वाक्य

दुपारी जेवून टेबलाशी बसलं की झोप आधी माझ्या मानेत येते, मग डोळ्यांत. हातातलं पेन चालूच असतं, फक्त अक्षरं ओळ सोडून खाली उतरायला लागतात. आज दहावीच्या गाइडसाठी जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहितोय. निवृत्त मास्तरला प्रकाशक असलीच कामं देतात. मोटिव्हेट म्हणजे करायला कारण देणं. इन्स्पायर म्हणजे आपण असं वागायचं की बघणाऱ्याला आपणहून करावंसं वाटावं. एन्करेज म्हणजे ज्याला करायचं आहे पण भीती वाटतेय, त्याला धीर देणं. इथवर हात सरळ चालतो. एन्करेजपुढे उदाहरणाचं वाक्य हवंय, ते सुचत नाही.

“डिक्शनरीतलं नको,” समोरून आवाज येतो. “आपल्या शाळेतलं द्या.”

समोर हेर्लेकर बाई बसल्यात. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी दचकत नाही. आम्ही सतरा वर्षं एकाच हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्या समोर बसल्यात यात मला काही नवल वाटत नाही. शब्दाचं उदाहरण द्यायचं तर त्यात शाळेतलं खरं माणूस आणि खरी गोष्ट हवी, अशी बाईंची पद्धत होती. इन्स्पायरला त्यांनी शिपाई बंडामामांना घेतलं होतं. मामा पन्नाशीत दहावीला बसले, ते बघून दुसऱ्या वर्षी त्यांची बायको बसली. वाक्य खोटं निघालं की बाई लाल पेनाने कापायच्या, मग ते मुलाचं असो की माझं.

“झोपलात का, सर?”

“नाही हो. लिहितोय.”

“मग लिहा की. उरुणकर सरांनी हेर्लेकर बाईंना काय केलं?”

मेल्यावरही बाईंचा स्वभाव बदललेला नाही. मला राग येतो.

“ते वाक्य मी केव्हाच दिलंय,” मी म्हणतो. “तुमच्या शोकसभेत. बाईंना मी नेहमीच प्रोत्साहन दिलं, असं.”

“ऐकलं. बरं बोलता तुम्ही,” बाई पिशवीतून पेन काढतात. “ते मी कापलं.”

टेबल लांब झालंय. त्याच्यावर चहाचे कप आहेत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, खिडकीतून ग्राउंडवरची धूळ आत येतेय. आम्ही टीचर्स रूममध्ये आहोत आणि शाळा सुटलेली आहे. ही संध्याकाळ मला पक्की आठवते, कारण मी ती विसरायचा फार प्रयत्न केला.

त्या वर्षी संस्थेचा हुकूम आला होता. दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण शिक्षकांनी नुसते कच्चे लिहून द्यायचे, पक्के आकडे संस्थेच्या ऑफिसात भरले जातील. पुढाऱ्यांची पोरं वीसपैकी वीस घेणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मी संतापलो होतो. हे कुणीतरी वार्षिक सभेत बोलायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. कुणीतरी म्हणजे मी सोडून कुणीतरी.

“तीन संध्याकाळी तुम्ही मला समजावलंत,” बाई म्हणतात. “इथंच बसून.”

“तुम्हाला बोलायचंच होतं. मी फक्त धीर दिला.”

“मी साधा अर्ज देणार होते, सर. हेडसरांच्या हातात. सभेत उभं राहून ठराव मांडा, हे तुमचं.”

“पण तुम्हाला पटलं होतं ना?”

“पटलं होतं. तुम्ही अनुमोदन देतो म्हणालात म्हणून.”

आमच्या संस्थेत ठराव मांडायचा तर सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. सूचकाने वाचायचं. अनुमोदकाने जागेवर उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं, ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणायचं. बसून म्हटलेलं धरत नाहीत. कुणी उभं राहिलंच नाही तर ठराव पडतो, इतिवृत्तात त्याची ओळसुद्धा येत नाही. मांडणारा मात्र अध्यक्षांच्या चांगला ध्यानात राहतो.

मला हा विषय नको आहे. मी उठून बाहेर व्हरांड्यात येतो, तर व्हरांडा हलतोय. वर्गातले बाक दोन्ही बाजूंना लावलेत, त्यांच्यावर माणसं डुलक्या घेतायत, आणि कंडक्टर पुढून मागे येतोय. ही घाटापलीकडची एस्टी आहे. बाई खिडकीशी बसल्यात, मांडीवर डब्याची पिशवी.

सभेनंतर महिन्याभरात त्यांची बदली घाटापलीकडच्या शाखेत झाली. जाऊन येऊन चार तास. दुसऱ्या वर्षी त्या काविळीने गेल्या. काविळीला मी जबाबदार नाही. हे मी अकरा वर्षं म्हणतोय, आणि आजपर्यंत एकानेही मला तसं विचारलेलं नाही.

“रोज हीच जागा का?” मी विचारतो.

“मिळाली तर. नाहीतर उभ्यानं.”

“मी भेटायला येणार होतो.”

“तुम्ही त्याच जूनला पर्यवेक्षक झालात. वेळ कुठला मिळणार?” त्या हे टोमण्यासारखं म्हणत नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास होतो. मग शिकवायच्या आवाजात सुरू करतात. “आमच्या आजोळी विहीर होती. पोहायला शिकताना माझा मामा आधी आत उतरायचा आणि पाण्यातून म्हणायचा, ये, टाक उडी. ते एन्करेज. काठावर गल्लीतली पोरं असायची, ती पण टाक उडी म्हणायची. शब्द अगदी तेच. त्यांचे कपडे कोरडे.”

“त्याला वेगळा शब्द आहे,” मी म्हणतो. “एग ऑन. भरीला घालणं.”

“आहे ना. मग त्याच्यापुढं लिहा आपलं वाक्य.”

“बाई, मी तुम्हाला फसवायला नव्हतो निघालो. आदल्या रात्रीपर्यंत मी उभा राहणार होतो.”

“ते मला माहीत आहे,” बाई म्हणतात. “फसवणारे असतात तर मी ऐकलंच नसतं.”

कंडक्टर आमच्याजवळ येऊन थांबतो. ते हेडसर आहेत, त्यांच्या हातात इतिवृत्ताचं बाड आहे. बाकांवरची माणसं जागी होऊन ताठ बसतात. मी सगळ्यांना ओळखतो. समोर शाल पांघरून अध्यक्ष बसलेत. बाई ठराव वाचतायत, आवाज जरासा कापतोय, पण एक शब्द अडत नाही. वाचून होतं. त्या खाली बसत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत, इतका त्यांचा विश्वास.

“अनुमोदन?” हेडसर विचारतात.

खऱ्या सभेत या क्षणी मी टेबलाखाली वाकलो होतो. पेनाचं टोपण शोधत होतो. टोपण पेनालाच होतं. हेडसरांनी तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा खाली फरशी बघितली. मला आजही त्या फरशीची लाज वाटते.

“अनुमोदन?” हेडसर दुसऱ्यांदा विचारतात.

मी बसूनच राहतो. “बाई,” मी हळूच म्हणतो, “काहीतरी बोला. उठा म्हणा नुसतं. तेवढ्यानं धीर येईल मला.”

“नाही म्हणणार.”

“का?”

“मी म्हटलं की उठणं माझं होईल. तुमचं राहणार नाही.”

“एवढा राग आहे?”

“राग आहे,” बाई सरळ सांगतात. “चार तास एस्टीत बसून दुसरं काय करणार माणूस? पण उठा म्हणत नाही, ते त्यासाठी नाही. एकदा तरी कुणाला पुढं न घालता उठून बघा.”

“अनुमोदन?” हेडसर तिसऱ्यांदा विचारतात.

मी दोन्ही हात टेबलावर रेटतो. कंबरेतून कळ येते. अध्यक्ष माझ्याकडे बघतायत, सगळी सभा बघतेय, आणि मला ओरडून सांगावंसं वाटतं की हे सगळं संपलंय, ठराव पडलाय, बाई गेल्यात. पण मी उठतो. सरळ उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, “माझं अनुमोदन आहे.”

बाईंची जागा रिकामी आहे. तिथं भिंत आहे, भिंतीवर माझ्या मुलाच्या लग्नाचा फोटो आहे.

मी माझ्याच खोलीत, माझ्या टेबलाशी उभा आहे. ऊन कलायला लागलंय. मागे खुर्ची फरशीवर उताणी पडलीय, तिचे पुढचे दोन पाय वर. स्वयंपाकघरातून सून, अस्मिता, पिठाच्या हातांनी धावत येते.

“मामा, पडलात की काय?”

“नाही. उभा राहिलो.”

“आणि कुणाशी बोलत होतासा? केवढ्यांदा ओरडलात.” ती खोलीभर बघते. “हितं तर कोण न्हाई.”

“नाही ना,” मी म्हणतो. “म्हणूनच जमलं.”

ती वाकून खुर्ची उचलते, माझ्या मागे लावते, आणि पीठ लागू नये म्हणून मनगटानेच माझा खांदा हलके दाबून म्हणते, “बसा बघू आधी.”

मी बसतो.