डाव्या बैलाची शीळ

परवा पुतण्याच्या वास्तुशांतीच्या पंगतीत धाकट्या भावाने ती गोष्ट पुन्हा सांगितली: बहात्तरच्या दुष्काळात दादाने पाणी वाचवण्यापायी बैल मारायला घेतला होता आणि आपण शीळ घालून तो वाचवला. लोक हसले. मी ताटावरून उठलो. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

शीळ मी बंद केली होती, हे खरे. मी ते कधी नाकारलेले नाही. आमची विहीर आटली होती. दीड कोसावरून बैलगाडीने रोज एक बॅरल पाणी आणायचे आणि त्यात दोन बैल, एक म्हैस व घरची माणसे भागवायची, ही व्यवस्था माझी. जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीच्या आतल्या अंगाला मी कोळशाने रेघा ओढल्या होत्या. कोणत्या जनावराला कोणत्या रेघेपर्यंत पाणी ओतायचे, हे ठरलेले. आमच्याकडे बैल पाण्यावर आले की धनी लांब, संथ शीळ घालतो. तिच्या नादाने बैल चार घोट जास्त पितो. ते चार घोट आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून मी बजावले, डोणीपाशी कुणी शीळ घालायची नाही.

आजही मी तो नियम चुकीचा मानत नाही. माझ्या ध्यानात आले नाही ते एवढेच, की जोडीतला डावा बैल वारलेल्या वडिलांनी वासरापासून शिळेवर वाढवला होता. तो डोणीत तोंड घाली, नाकपुड्या ओल्या करी आणि न पिताच मान वर करून वाट पाही.

"बॅरल डिझेलचं हाय की. वास येत आसंल," शेजारी म्हणाला. ते बॅरल मी आतून जाळून राखेने तीनदा घासले होते; म्हैस तेच पाणी पीत होती. तरी शेजाऱ्याच्याच रांजणातले पाणी बैलापुढे ठेवले. त्यालाही त्याने तोंड लावले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रवंथ थांबवले. तशातही त्याला गाडीला जुंपावे लागले. तो बसला असता तर बॅरल आले नसते आणि सारी दावणच संपली असती. गाडी सोडल्यावर मी गोठ्यापासून रस्त्यापर्यंत फेऱ्या मारीत राहिलो.

तिसऱ्या सकाळी बायको म्हणाली, "अवो, शिळेची वाट बगतंय त्ये. घाला की."

मला शीळ येत नाही. कधीच आली नाही. मी ओठ आवळले, नुसती हवा निघाली. बैलाने एक कान हलवला आणि तोंड फिरवले. तेव्हा बायकोने इकडेतिकडे पाहिले, पदर तोंडाशी धरला आणि थेट माझ्या वडिलांसारखी शीळ घातली. बैल प्याला, रेघेपर्यंतचे संपवून वर ओतलेलेही प्याला.

बाईने शीळ घालणे आमच्या घरात अशुभ. आई बाहेर आली. "कुनी घातली शीळ?"

"मी," मी पुढे होऊन म्हणालो.

"तू? तुला चुलीत फुंकर सुदिक धड घालता येत न्हाय." सुनेच्या तोंडावरच्या पदराकडे पाहून ती आत गेली.

त्या आठवड्यात भाऊ सोलापुरात, भवानी पेठेत मागावर कामाला होता. रविवारी आला, पाणी पिणाऱ्या बैलापुढे त्याने एक शीळ घातली आणि तेवढ्यावर पन्नास वर्षे फुशारकी मारली. मी गप्प राहिलो, कारण खरे सांगितले असते तर बायकोला बोल लागला असता. आता ती नाही. तिची शीळ दुसऱ्याच्या नावावर मी राहू देणार नाही.

बायकोने शीळ घातली त्याच संध्याकाळी मी डाव्याची रेघ चार बोटे वर ओढली आणि माझी आंघोळ बंद केली. बैल पाण्यावर आले. शीळ घालायला कुणी पुढे होईना. आतून आईचा आवाज आला, "सकाळी ज्यानं शीळ घातली, त्याला धाड डोनीकडं. तू नुसती बादली धर."

मी बादली धरली.