हाताने उघडणारा डबा

चंदिगडला विद्यापीठात शिकवत होतो, तेव्हा गाडीच्या टेपला वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, जोडायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मार्केटमध्ये हे काम करणारे एक सरदारजी होते. गिऱ्हाइकाशी ते वाद घालत नसत, निर्णय सांगून मोकळे होत. मी सगळ्यात मोठ्या वूफरवर बोट ठेवलं, तर म्हणाले, "आपका अ‍ॅम्प छोटा है जी. आठ इंचवाला लो, बंद डब्बे में. पक्का." आणि कामाला लागले.

वूफरचा लाकडी डबा तयार झाला की ते तो चारही बाजूंनी बोटाने ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. माझ्या डब्याचं झाकण मात्र त्यांनी हाताने फिरणाऱ्या नटांनी बसवलं होतं. मी कारण विचारलं.

"नाके पे पाना कहाँ ढूँढोगे?"

ते शीख अतिरेक्यांच्या हल्ल्यांचे दिवस होते; बॉम्बच्या धास्तीने जागोजागी पोलिसांचे नाके असत. डबा डिकीत बसवून आवाज ऐकायला सरदारजी माझ्यासोबत निघाले आणि मोहालीच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. डिकीतला डबा दिसताच शिपायाने बंदूक त्यांच्यावर रोखली. गाडी माझी, डबा माझा, पण मला कोणी काही विचारलं नाही. सरदारजींनी सावकाश नट काढले, झाकण उचललं. आत वूफर आणि कापूस.

शिपाई म्हणाला, "जाओ." मी घाईने गाडी सुरू केली. ते आलेच नाहीत. बंदुकीसमोरच वाकून त्यांनी एकेक नट आवळला, डबा चारही बाजूंनी ठोकला आणि डोळे मिटून ऐकलं.

मग शेजारी येऊन बसले. "हवा नहीं निकलनी चाहिए जी. अब लगाओ टेप."