जाड चोचीचा धडा

राळेगावजवळच्या एका शाळेत नलू खिचडी शिजवते. बारा वर्षं झाली. दहावीच्या वर्गाच्या खिडकीखाली सावली असते, म्हणून तांदूळ निवडायला ती तिथेच बसते, आणि सुमेधाबाईंचे सगळे धडे आपसूक तिच्या कानावर पडतात. फुकटचं शिक्षण, असं ती हसून सांगायची. तेव्हा ती हसायची.

गेल्या श्रावणात बाईंनी बेटावरच्या पक्ष्यांचा धडा घेतला. दुष्काळ पडला, मऊ बिया संपल्या, उरल्या त्या टणक. पोरांनी गलका केला, "मंग पक्ष्यायनं चोची जाड केल्या!"

"कोणीही चोच जाड केली नाही," बाई म्हणाल्या. "बारीक चोचीचे उपाशी मेले. ज्यांची जन्मतःच जाड होती ते जगले, त्यांची पिल्लंही तशीच निघाली. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं, प्रत्येक बेटावर वेगळं, आणि शेवटी पक्ष्यांच्या जातीच वेगळ्या झाल्या. आपल्या बोंडअळीचंही असंच. औषधानं मरणाऱ्या मेल्या, न मरणाऱ्यांची पिलावळ वाढली."

नलूचा हात सुपातच थांबला. तिचा नवरा नागोराव लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. आदल्या वर्षी विषबाधा होऊन चार दिवस यवतमाळच्या दवाखान्यात पडला होता, आणि उठला तो ‘आता मले काई होत नाई’ असा नवाच ताठा घेऊन.

घरी गेल्या गेल्या ती म्हणाली, "उद्या फवाऱ्यावर जाऊ नका."

"काहून? अळीले औषधाची सवय झाली, तशी मलेबी झाली. मांगच्या साली मेलो का मी?"

"अळीले सवय नाई झाली. मरनाऱ्या मेल्या, बाकीच्या राह्यल्या. बाई सांगून राह्यल्या होत्या."

"तुया बाईनं कधी पंप पाठीवर घेतला व्हता?"

तो हसला, आणि नलू गप्प बसली. तिने भांडायला हवं होतं, पंप विहिरीत फेकून द्यायला हवा होता. त्या गप्प बसण्याचा तिला आजही संताप येतो.

तिसऱ्या दिवशी त्याला बांधावरून उचलून आणलं. नाकाला बांधायचं फडकं खिशात घडी घालून ठेवलेलं होतं. सवय झालेल्या माणसाला फडकं कशाला लागतं! दवाखाना येईपर्यंत तो गेला.

यंदा नलू-नागोरावची मुलगी पायल दहावीत आली. बाई त्या धड्यापाशी पोचल्या, पायलकडे पाहून खाली मान घालत म्हणाल्या, "हा धडा घरी वाचा. पुढचं पान काढा."

नलूने सूप बाजूला ठेवलं आणि ती खिडकीशी उभी राहिली. बारा वर्षांत ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती.

"बाई, घ्या ना तो धडा." तिने खिडकीचा गज धरला. "निम्म्या पोरायचे बाप आज फवाऱ्यावर गेले हायेत. सवय होत नाई म्हून सांगा त्यायले."

बाईंनी खडू उचलला. पायलने मागचं पान पुन्हा काढलं.